कवीच्या नावाचं, गायकाच्या नावाचं

नागपूरच्या दोन मोठ्या सभागृहांना ज्यांची नावं आहेत ती दोन्ही माणसं वऱ्हाडच्या मातीतली. सुरेश भट अमरावतीचे, जन्म १९३२चा, पुढे नागपूरकर झाले. वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरचे, जन्म १९२०चा. लहानपणीच नागपुरात आले आणि शंकरराव सप्र्यांकडे गाणं शिकले. रेशीमबागेतलं सुमारे २००० खुर्च्यांचं कविवर्य सुरेश भट सभागृह महानगरपालिकेनं उभारलं आणि सप्टेंबर २०१७मध्ये राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. सिव्हिल लाइन्समधलं डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह त्याच्या कितीतरी आधीचं. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र वसंतरावांच्या स्मृतीत जो संगीत समारोह करतं, त्याचं आणि या सभागृहाचं नातं जुनं आहे.

एक कवीच्या नावाचं, एक गायकाच्या. नावं देणाऱ्यांच्या मनात असं काही नसेल, पण सभागृह बांधण्याच्या शास्त्रातलं सगळ्यात जुनं भांडण या दोन पाट्यांवर लिहिलेलं आहे. शब्दाला आणि सुराला एकाच खोलीकडून वेगवेगळं काहीतरी हवं असतं.

गझलेचा शेर घ्या. पहिली ओळ म्हणून होते, सभागृह थांबतं, कवी ती पुन्हा म्हणतो, मग दुसरी ओळ सुरू होते आणि तिच्या शेवटाकडे काफिया, म्हणजे यमकाचा शब्द, येतो. सगळा शेर त्या एका शब्दासाठी रचलेला असतो. तो शब्द शेवटच्या रांगेत स्वच्छ पोचला तर तिथूनही त्याच क्षणी ‘वा’ येते. नाही पोचला, तर मागचा माणूस शेजाऱ्याला विचारतो, ‘काय म्हणाले?’ आणि तोवर पुढचा शेर सुरू झालेला असतो.

काफिया मध्येच कशानं हरवतो? त्याच्या आधीच्या शब्दांच्या शेपटीनं. बंद खोलीत आवाज उमटला की तो भिंती, छत, जमीन यांच्यावर आपटत फिरत राहतो आणि हळूहळू विरतो. आवाज ६० डेसिबलनं उतरायला जितका वेळ लागतो त्याला त्या खोलीचा निनादकाळ म्हणतात. समजा तो २ सेकंद आहे, म्हणजे आवाज सेकंदाला ३० डेसिबलनं उतरतोय. आपण बोलताना एक अक्षर साधारण पाव सेकंदाच्या आत, धरा ०.२ सेकंदात, संपवतो. तेवढ्या वेळात मागचं अक्षर फक्त ६ डेसिबल खाली गेलेलं असतं, म्हणजे नव्या अक्षराच्या मानगुटीवरच बसलेलं. निनादकाळ १ सेकंद केला तर ते १२ डेसिबल खाली जातं आणि नव्या अक्षराला श्वास घ्यायला जागा मिळते. त्यातही ‘आ’, ‘ओ’ हे स्वर जोरकस असतात. त्यांची शेपूट पुढच्या ‘स’, ‘त’, ‘फ’ला गिळते. मराठी जोडाक्षरांनी भरलेली भाषा आहे. ‘शब्द’ हा शब्दच घ्या: ‘ब्द’ गेला की मागे नुसता ‘शऽ’ राहतो.

आता आलाप घ्या. गायक ‘सा’ लावतो आणि चार-पाच सेकंद त्यावर उभा राहतो. इथे अक्षरावर अक्षर चढण्याचा प्रश्नच नाही. इथे खोलीनं थोडं धरून ठेवायला हवं असतं. सूर सोडल्यावर तो कापल्यासारखा तुटला तर गायकाला कोरड्या भिंतीशी बोलल्यासारखं होतं. तो नकळत जोर लावतो आणि तासाभरात गळा थकतो. गझलवाचनाला १ सेकंद पुरे. आपल्या ख्यालाला साधारण १.२ ते १.४ बरे वाटतात. पाश्चात्त्य वाद्यवृंदाला २च्या आसपास लागतात, पण तिथे नव्वद-शंभर माणसं वाजवत असतात.

हे आकड्यात मांडता येतं, हे ज्यानं पहिल्यांदा दाखवलं त्या वॉलेस सेबिनची पद्धत आजही शिकण्यासारखी आहे. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात एक नवं व्याख्यानगृह बांधलं गेलं आणि त्यात व्याख्यान कळेना. बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. सेबिन तरुण प्राध्यापक होता. त्यानं ऑर्गनची एक नळी आणि घड्याळ घेतलं आणि रात्री, रस्ते शांत झाल्यावर, शेजारच्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या त्या खोलीत आणायला सुरुवात केली. थोड्या गाद्या मांडायच्या, नळी वाजवायची, आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत वेळ मोजायचा, आणखी गाद्या आणायच्या. सकाळ व्हायच्या आत सगळ्या गाद्या जागेवर परत. अशा अनेक रात्रींनंतर जे सूत्र हाती आलं ते आजही वापरात आहे: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१नं गुणा आणि खोलीतल्या एकूण शोषणानं भागा, की निनादकाळ सेकंदांत मिळतो. या हिशेबावर बांधलेलं पहिलं मोठं सभागृह म्हणजे बॉस्टनचा सिम्फनी हॉल, १९००चा.

गाद्यांची ही गोष्ट आपल्या खुर्च्यांपर्यंत येते. १००० खुर्च्यांचं, ६००० घनमीटरचं सभागृह धरा. भिंती, पडदे, छत मिळून शोषण २०० चौरस मीटर, म्हणजे आवाज पूर्ण गिळणाऱ्या तेवढ्या पृष्ठभागाइतकं. बसलेला माणूस साधारण अर्धा चौरस मीटर आवाज शोषतो, म्हणजे भरल्या सभागृहात माणसांचेच ५००. एकूण ७००, निनादकाळ सुमारे १.४ सेकंद. छान. आता दुपारी साऊंड चेकच्या वेळी तेच सभागृह रिकामं आहे. खुर्च्या चांगल्या गादीच्या असतील, प्रत्येकी ०.४ शोषणाऱ्या, तर आकडा १.६वर जातो, फार फरक नाही. पण खुर्च्या प्लास्टिकच्या किंवा नुसत्या लाकडी असतील तर रिकाम्या सभागृहाचा निनादकाळ जवळजवळ ४ सेकंद होतो. दुपारी बसवलेलं सगळं संध्याकाळी फुकट जातं. गादीची खुर्ची ही ऐषआराम म्हणून नसते. न आलेल्या श्रोत्याची जागा ती भरून काढत असते. म्हणूनच दुरुस्तीच्या वेळी फाटलं कापड काढून त्यावर रेक्झिन चढवलं की सभागृह बिघडतं. रेक्झिन पुसायला सोपं, टिकायला चांगलं, पण त्यातून हवा जात नाही. गादी आत तशीच असते आणि आवाज वरूनच परत फिरतो.

भिंतींच्या बाबतीत सगळीकडे होणारी चूक आणखी मोठी. सभागृह घुमतं अशी तक्रार आली की कुणीतरी भिंतींना कार्पेट चिकटवायचा सल्ला देतं. पातळ कार्पेट फक्त वरच्या पट्टीतला आवाज खातं. ‘स’, ‘श’, टाळ्यांची धार, तानपुऱ्याची जवारी (तारांची झणझण), एवढं सगळं मरतं, आणि तबल्याचा डग्गा मात्र तसाच घुमत राहतो. सभागृह एकाच वेळी मंद आणि दणदणीत होतं. यापेक्षा वाईट जोडी नाही, कारण निदान घुमणाऱ्या सभागृहात गाणं तरी जिवंत लागतं.

खालचा आवाज धरायचा तर वेगळा उपाय हवा, आणि तो महाग नाही. ६ मिलिमीटरचं प्लायवूड भिंतीपासून १० सेंटिमीटर पुढे, पट्ट्यांवर ठोकायचं, मागच्या पोकळीत ग्लासवूल (काचेची लोकर) सैल भरायचं. असं प्लायवूड ९५ हर्ट्झच्या आसपास स्वतः थरथरतं आणि तिथला आवाज खातं. डग्ग्याचा घुमारा साधारण त्याच भागात असतो. पोकळी दुप्पट केली तर हा आकडा आणखी खाली, ६५-७० हर्ट्झपर्यंत उतरतो. जागा वाचवायची म्हणून सुतारानं प्लाय थेट भिंतीवर ठोकलं की दिसायला तेच दिसतं आणि काम शून्य.

भोकांच्या पॅनेलचंही असंच. त्या बारीक भोकांतून आवाज आत जातो आणि मागच्या लोकरीत विरतो. दहा वर्षांनी रंगकाम निघतं, पेंटर मन लावून भोकांत लांबी (पुट्टी) भरतो, वर ऑइलपेंटचे दोन हात मारतो, भिंत आरशासारखी गुळगुळीत होते. मग वर्षभर सगळे म्हणत राहतात की नवा साऊंडवाला बरोबर नाही. रंगकामाच्या कंत्राटात एक ओळ घालायला हवी: भोकांच्या पॅनेलवर ब्रश किंवा रोलर नको, फक्त पातळ स्प्रे, आणि तोही आधी एका कोपऱ्यात करून दाखवून.

आकाराचंही सांगायला हवं. व्हिएन्नाचं १८७०चं संगीतसभागृह म्युझिकफेराइन लांबट पेटीसारखं आहे, रुंदी जेमतेम १९ मीटर, म्हणून बाजूच्या भिंतींवरून आवाज लगेच परत येतो आणि श्रोत्याला वेढतो. आपल्याकडची बहुतेक सभागृहं पंख्यासारखी उघडत जातात, कारण जास्तीत जास्त लोकांना रंगमंच दिसायला हवा. त्यात बाजूच्या भिंती आवाज मागे ढकलतात आणि मधल्या खुर्च्या उपाशी राहतात. मागची भिंत आत वळलेली, अर्धगोल असली की आणखी एक त्रास: आवाज गोळा होऊन पुन्हा रंगमंचाकडे येतो. मागची भिंत २५ मीटरवर असेल तर तो जाऊन यायला साधारण ०.१५ सेकंद घेतो. कान ०.०५ सेकंदापर्यंतचा परतीचा आवाज मूळ आवाजात मिसळून घेतो. त्यापुढचा वेगळा ऐकू येतो. म्हणून कधी कधी पहिल्या चार रांगांत, पाहुण्यांच्या सोफ्यांवर, भाषण दोनदा ऐकू येतं आणि मागे मात्र सगळं ठीक असतं. अशा वेळी आपल्याकडचा साऊंडवाला म्हणतो, ‘हॉल बोलून राहिला.’ त्यावर उपाय मिक्सरवर नसतो, मागच्या भिंतीवर असतो: ती खडबडीत करा, उभ्या पट्ट्यांनी तोडा किंवा शोषक करा.

हे तपासायला यंत्र लागत नाही. रात्री, एसी बंद करून, रंगमंचाच्या मधोमध उभं राहून एक कडक टाळी वाजवायची. ‘टर्रर्र’ असा चटचटता आवाज आला तर दोन समोरासमोरच्या सपाट भिंती आवाज एकमेकींकडे फेकताहेत. थोड्या वेळानं दुसरी टाळी ऐकू आली तर मागची भिंत. मग टाळी वाजवणाऱ्याला तिथेच ठेवून बाल्कनीखाली जाऊन बसायचं. बाल्कनीखालची जागा तिच्या तोंडाच्या उंचीपेक्षा जास्त आत जात असेल तर तिथे आवाज दारातून ऐकल्यासारखा येतो, छताकडून येणारा वाटा तिथवर पोचतच नाही. तिकीट मात्र तेवढंच असतं.

आता नागपूरचा उन्हाळा. ४५ अंशांच्या दिवशी संध्याकाळचा कार्यक्रम असेल तर सभागृहाची खरी परीक्षा गाण्याची नसते, शांततेची असते. बसलेला प्रत्येक माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो. १००० माणसं म्हणजे १०० किलोवॅट. ती उचलायलाच २८ टनांचा एसी लागतो, आणि तापलेल्या भिंतींचं, दिव्यांचं वेगळं. मग काय होतं? प्रेक्षक आल्यावर एसी सुरू करतात, तो पुरत नाही, ब्लोअर पूर्ण वेगानं फिरवतात. हवेचा वेग दुप्पट झाला की तिचा आवाज १५ डेसिबलच्या आसपास वाढतो. चांगल्या संगीतसभागृहात नुसती शांतता २५ डेसिबलच्या घरात असावी लागते. घोंघावणारा एसी ती ४०-४५वर नेऊन ठेवतो. तानपुऱ्याच्या जवारीतले वरचे बारीक स्वर नेमके त्या घोंघाटाखाली बुडतात.

म्हणून उन्हाळ्यात एसी तीन तास आधी सुरू करावा, दारं बंद ठेवून. भिंती, खुर्च्या, छत, सगळं गार होऊ द्यावं. म्हणजे माणसं भरल्यावर, आलाप सुरू होताना, ब्लोअर खाली आणता येतात आणि गार झालेली भिंत पुढचा अर्धा तास भार सोसते. हवा जिथून सभागृहात पडते त्या जाळ्यांपाशी तिचा वेग सेकंदाला २ ते अडीच मीटरच्या वर जाऊ नये, म्हणजे डक्ट रुंद हवेत. बांधतानाच हे केलं नाही तर नंतर कितीही पैसे ओतून शांतता विकत मिळत नाही. डेझर्ट कूलर हा नागपूरचा जीव की प्राण, पण गाण्याच्या सभागृहात तो दाराबाहेरच बरा: आवाज तर आहेच, शिवाय ओली हवा वाद्यांवर येते.

आणि पावसाळा. वसंतराव गेले ते ३० जुलै १९८३ला, त्यामुळे त्यांच्या नावाचा समारोह येतो तो ऐन पावसात. टिनाच्या छताखाली पातळ फॉल्स सीलिंग असलेल्या सभागृहात तेव्हा गाणं ऐकणं अवघड होतं. पावसाचा मारा थोपवायला वजन लागतं: वर काँक्रीटचा स्लॅब, किंवा पत्र्याखाली जड बोर्डाचे दोन थर आणि मध्ये लोकर. नुसता थर्माकोल लावून काही होत नाही.

ओल्या हवेत तबल्याची पुडी सैल होते, आवाज उतरतो आणि बोथट होतो. मेमध्ये उलट: कातडं सुकून ताणतं, तबला चढलेला मिळतो. ग्रीन रूममध्ये जमवलेला तबला घेऊन गार रंगमंचावर आलं की पुन्हा जमवणं आलं. गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) वरून हातोडी मारली की स्वर चढतो, खालून मारली की उतरतो, सोळाही घरं फिरून सारखी करायची. फार उतरला असेल तर आधी गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) सरकवायचे. तारांचं वेगळंच. गार हवेत तार आखडते, स्वर चढतो. डोक्यावरचे रंगमंचाचे ‘पार’ दिवे पेटले की ती तापते आणि उतरते. म्हणून वाद्यं कार्यक्रमाआधी निदान अर्धा तास रंगमंचावर, त्याच दिव्यांखाली, त्याच एसीत राहायला हवीत, आणि सूत्रसंचालन लांबलं म्हणून ती विंगेत हलवू नयेत. आयोजकांना हे पटवणं हेच खरं कठीण काम.

बैठक कुठे घालायची यावर फार थोडे लोक विचार करतात. नाटकासाठी बांधलेल्या रंगमंचाच्या मागे आणि बाजूला काळे मखमली पडदे असतात, वर रिकामा उंच मनोरा असतो. तिथे मागे बसलेल्या गायकाचा निम्मा आवाज पडदे पितात. बैठक मुख्य पडद्याच्या रेषेच्या पुढे आणावी, जितकी पुढे येईल तितकी. कलाकार जमिनीवर बसलेला असतो, म्हणून ३० ते ४५ सेंटिमीटर उंच चौकी हवी, नाहीतर समोरच्याच्या डोक्यामागे तो हरवतो. मागच्या रांगेची नजर पुढच्या डोक्यावरून निदान १२ सेंटिमीटर वर जायला हवी, या हिशेबानं पायऱ्या बांधलेल्या असल्या तरी हा हिशेब उभ्या नटासाठी केलेला असतो. चौकी पोकळ असेल तर तीच डग्ग्याबरोबर वाजू लागते: खाली जाड जाजम, फळ्यांमध्ये घट्ट पाचरी, वर गादी.

मुंबईच्या टाटा थिएटरची आठवण इथे यायलाच हवी. १९८०मध्ये उघडलेलं, १०१० खुर्च्यांचं, वास्तुकार फिलिप जॉन्सन, ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस. श्रोते रंगमंचाभोवती पसरून जवळ बसतात. खुर्ची जितकी जवळ, तितका माइक अनावश्यक. चेहऱ्यावरचे भाव २० मीटरपलीकडे दिसेनासे होतात, हेही तिथे विसरलेलं नाही. २००० खुर्च्यांच्या सभागृहात हे साधत नाही. तिथे माइक लागणारच, आणि मग सगळं काम त्या माइकच्या माणसावर येतं.

त्यालाही दोन-तीन गोष्टी जपायच्या असतात. उघडे माइक दुप्पट झाले की स्पीकरची शिट्टी (फीडबॅक) ३ डेसिबल लवकर येते. म्हणून निवेदकाचा, पाहुण्यांचा, स्वागतगीताच्या मुलींचा, सगळे माइक काम झाल्याबरोबर बंद. मागच्या लोकांसाठी मध्ये स्पीकर टांगले असतील तर त्यांना उशीर लावायचा: मुख्य स्पीकरपासून २० मीटरवर असतील तर ५८ मिलिसेकंद, वर आणखी १०-१५, म्हणजे आवाज छतातून न येता कलाकाराच्या दिशेनं आल्यासारखा वाटतो. तानपुऱ्याचा माइक घोडीच्या (तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीच्या) समोर वीतभर अंतरावर, आणि मिक्सरवर इतकाच वर की तो आहे हे कळावं.

कवी आणि गायक यांच्या भांडणावर सगळ्यात स्वस्त तोडगा पडदाच आहे. बाजूच्या भिंतींवर जाड मखमल, चौरस मीटरला अर्धा किलो वजनाची, भिंतीच्या दुप्पट रुंदीची, चुण्या पडतील अशी, भिंतीपासून वीतभर पुढे रुळावर लावलेली. गझल असेल त्या दिवशी ओढून घ्यायची, ख्याल असेल त्या दिवशी कपाटात सरकवायची. मात्र ती सरकवणारा एक माणूस पगारावर ठेवावा लागतो, आणि रुळाला दर पावसाळ्यानंतर तेल. तेल नसलं की पडदा अर्ध्यावर अडकतो आणि एका बाजूच्या श्रोत्यांना कवीचं सभागृह मिळतं, दुसऱ्या बाजूच्यांना गायकाचं.